'केलंच पाहिजे' कुणी ठरवलं? इंटरनेटच्या एका शब्दाची गोष्ट

आजचा भाग एका शब्दावर आहे. मस्ट. म्हणजे 'केलंच पाहिजे'.

सुरुवात करू ऑक्टोबर १९८६ पासून. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. पण त्यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर आला. ८०० पट घसरण! केबल वगैरे तुटली नव्हती. गर्दीत पॅकेट अडकलं, की पाठवणारा कॉम्प्युटर ते हरवलं समजून पुन्हा पाठवायचा. मग गर्दी अजून वाढायची. आणि टीसीपीच्या १९८१ च्या स्पेसिफिकेशनमध्ये 'गर्दी दिसली तर वेग कमी करा' अशी अटच नव्हती.

व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो पेपरमध्ये मांडला. हळू सुरुवात करा, पॅकेट हरवलं तर माघार घ्या. पण इथे एक गोची आहे. मी वेग कमी केला आणि शेजाऱ्याने नाही केला, तर फायदा शेजाऱ्याचाच. मग हे सगळ्यांनी का पाळावं?

ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११२२ आलं. संपादक रॉबर्ट ब्रेडन. त्यात शब्दांचे अर्थच ठरवून टाकले. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे करावं; टाळायचं असेल तर ठोस कारण हवं आणि परिणामांचा विचार केलेला हवा. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. एकही 'मस्ट' चुकला तर तुमचं सॉफ्टवेअर नियमात बसत नाही. सगळे 'मस्ट' पाळले, पण काही 'शुड' राहिले, तर सशर्त पास. दोन्ही पूर्ण, तर बिनशर्त पास. आणि जेकबसन यांची पद्धत? ती 'मस्ट'मध्ये गेली.

मार्च १९९७ मध्ये हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांनी हेच शब्द आरएफसी २११९ मध्ये वेगळे काढले, म्हणजे पुढच्या प्रत्येक स्पेसिफिकेशनला वापरता येतील. फक्त ३ पानं! त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे हे शब्द जपून वापरण्याची ताकीद. दोन सिस्टिम्सना एकमेकांशी बोलायला खरंच गरज असेल, किंवा कुणाचं नुकसान टाळायचं असेल, तरच ते वापरायचे. नुकसानीचं उदाहरण काय दिलंय? पुन्हा पुन्हा पाठवण्यावर मर्यादा घालणं. १९८६ आठवलं ना? 'माझी पद्धत भारी आहे' एवढ्यासाठी दुसऱ्यावर सक्ती करायची नाही.

तरी एक घोळ राहिलाच. साध्या वाक्यात सहज आलेला 'मस्ट' नियम धरायचा का? २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं, कॅपिटल अक्षरांत असेल तरच खास अर्थ. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पण आपल्याकडे 'च' आहे. 'करावं' आणि 'केलंच पाहिजे' यात गल्लत होत नाही.

हे नियम बनवणारी आयईटीएफ ही संस्था कुणाला दंड करत नाही, पास झाल्याचं सर्टिफिकेटही देत नाही. लोक पाळतात ते त्यामागचं कारण पटतं म्हणून. त्यामुळे तुमच्या एपीआयच्या डॉक्युमेंटमध्ये पुढच्या वेळी 'च' लिहाल, तेव्हा एक प्रश्न विचारा: हे नाही पाळलं, तर नक्की कुणाचं काय बिघडेल? उत्तर सापडलं नाही तर 'करावं' लिहा.

भेटू पुढच्या भागात!