दिवाळं काढायचाही कायदा असतो

मध्यंतरी नांदेडच्या एका मित्राचा रात्री साडेअकराला फोन आला. तीन ॲपची कर्जं, एक क्रेडिट कार्ड, वसुलीवाल्यांच्या धमक्या. शेवटी त्यानं विचारलं, "आपल्यासारख्याला दिवाळं काढता येतं का रे?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला, उत्तर माहीत नव्हतं. शोधायला लागलो आणि थेट 1875 सालात पोचलो.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा राग होता तो खतांवर आणि वह्यांवर. ते लोण पुढं पसरलं, आणि इंग्रज सरकारनं 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं. शिवाय 50 रुपये किंवा जास्त कर्ज असलेला शेतकरी "मला नादार जाहीर करा" असा अर्ज करू शकत होता.

पण हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांत होता. सोलापूरची हद्द ओलांडली की निजामाचं राज्य. नांदेड आणि लातूर तिकडे. दुष्काळ सारखा, सावकारी सारखी, पण कायदा सीमेवर थांबलेला.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला. पुढं 1975 मध्ये नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राचा कर्जमुक्ती कायदा आला. छोटे शेतकरी, कारागीर, मजूर यांची सावकारी कर्जं रद्द झाली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले, 1977 मध्ये हरले. मात्र बँका आणि सोसायट्यांची कर्जं या कायद्याबाहेरच होती. 2017 ची कर्जमाफी दीड लाखापर्यंत, 2019 ची दोन लाखांपर्यंत, तीही ठरावीक पीककर्जांना.

इथंच मला फरक कळला. माफीत सरकार ठरवतं कुणाचं, कुठलं आणि कधीचं कर्ज माफ करायचं. नादारीत माणूस स्वतः कोर्टात जाऊन सांगतो की माझ्याकडं एवढंच आहे, आणि कोर्ट त्याची परिस्थिती बघतं. माफीची वाट बघावी लागते. नादारी मागता येते.

मुंबईसाठी 1909 चा आणि बाकी ठिकाणी मुख्यतः 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. 1920 च्या कायद्यात अर्ज कोण करू शकतो? ज्याला कर्ज फेडता येत नाही आणि ज्याचं कर्ज किमान 500 रुपये आहे, किंवा हुकूमनाम्यापोटी ज्याला अटक झाली आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश आहे, तो. सगळी मालमत्ता आणि सगळी देणी खरीखरी लिहून द्यावी लागतात. लपवाछपवी हा गुन्हा आहे. मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते. पण कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि राहतं घर यांना दिवाणी कायद्याचं संरक्षण आहे. नंतर कोर्टाकडून मुक्तता मागायची. सरकारी देणी आणि फसवणुकीची कर्जं त्यातून सुटत नाहीत.

2016 च्या नव्या संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' लिहिली आहे. वार्षिक उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशांचं कर्ज पुसता यावं म्हणून. पण 1 डिसेंबर 2019 पासून व्यक्तींचा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिलाय, डिप्लॉय केलेला नाही.

मित्राला एवढं सांगितलं: नुसतं कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक बाउन्स किंवा फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. पण निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्येच सांगितलंय. उद्या सगळी देणी एका कागदावर लिही आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "1879 च्या शेतकऱ्यालाही लोक होतेच की. तरी त्याच्यासाठी कायदा करावाच लागला."