परदेशी भिक्खू, निर्वासित आणि देशाची सुरक्षा : कायदा काय सांगतो?

नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जपान, थायलंड, श्रीलंका, म्यानमार येथून भिक्खू आणि उपासक येतात. थंडीच्या दिवसांत शहरात तिबेटी बांधवांची लोकरी कपड्यांची दुकाने लागतात. या लोकांचा भारतात राहण्याचा हक्क कोणत्या कायद्याने ठरतो, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे. परकीय नागरिकांचा विषय निघाला की सुरक्षेच्या नावाने भीती पसरवली जाते. त्याला उत्तर द्यायचे तर कायदा नीट वाचावा लागतो.

नागपूरचा अनुभव

भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई मूळचे जपानचे. १९६० च्या दशकात ते नागपुरात आले आणि येथील धम्म चळवळीशी एकरूप झाले. व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली असल्याने १९८७ मध्ये त्यांना अटक झाली. स्थानिक वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले, लोकांनी सह्यांची मोहीम राबवली आणि अखेर त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले. कागदपत्रांच्या हिशेबाने जे 'बेकायदा' ठरले होते, त्यांच्यापासून देशाला कोणताही धोका नव्हता. मात्र एवढा मोठा जनाधार प्रत्येकाच्या मागे नसतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

संविधानाची चौकट

नागरिकत्वाची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ५ ते ११ मध्ये आहे. पुढील कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेकडे ठेवला. त्यानुसार १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये फक्त नागरिकांना आहेत. पण अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) 'कोणत्याही व्यक्तीला' लागू होतात. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार व्यापक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात म्हटले. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. म्हणजे सुरक्षा आणि मानवी हक्क ही दोन्ही शासनाचीच जबाबदारी आहे.

२०२५ चा नवा कायदा

१९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परकीय नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहक दायित्व कायदा रद्द करून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५' हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्या कायद्याप्रमाणेच संबंधित व्यक्तीवर आहे. ही तरतूद गरिबाला सर्वांत जड जाते. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, जमिनीचा कागद नाही, तो स्वतःच्याच देशात संशयित ठरू शकतो.

तिबेटी आणि चकमा

गोंदिया जिल्ह्यात प्रतापगड-गोठणगाव येथे नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे तिबेटी लोक येथे नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात. मात्र २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. हा नियम तिबेटींनाही लागू असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात बौद्धांचे नाव आहे, म्हणून तो सर्व बौद्ध निर्वासितांसाठी आहे असा समज पसरला. तो खरा नाही. हा कायदा फक्त पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी आहे. तिबेट, म्यानमार व श्रीलंका त्यात नाहीत. कप्ताई धरणात जमिनी गेल्यामुळे आणि छळामुळे १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा बौद्ध प्रामुख्याने अरुणाचलमध्ये वसवले गेले. पण इनर लाइन परमिटच्या क्षेत्रात या कायद्याची ती तरतूद लागूच होत नाही. नाव कायद्यात असूनही लाभ हाती येईलच असे नाही.

विहार आणि कार्यकर्त्यांनी काय करावे?

१) परदेशी भिक्खू वा पाहुणा विहारात किंवा घरी मुक्कामाला असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती विहित फॉर्ममध्ये ऑनलाइन भरावी.
२) पर्यटक व्हिसावर धार्मिक स्थळे पाहता येतात, प्रवचन ऐकता येते, धर्मप्रचाराचे काम करता येत नाही. निमंत्रण देण्यापूर्वी व्हिसाचा प्रकार विचारून घ्यावा.
३) १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी.
४) वस्तीतील प्रत्येक कुटुंबाचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि जातीची कागदपत्रे तपासून त्यांतील नावांच्या चुका वेळेत दुरुस्त कराव्यात.

सीमेवर कोण येतो हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे आणि तो असलाच पाहिजे. पण तपास व्यक्तीच्या कृतीचा व्हावा. तिच्या भाषेचा, चेहऱ्याचा किंवा धर्माचा नव्हे. अनुच्छेद १४ मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे. चर्चा तापली की पहिल्यांदा तोच शब्द विसरला जातो. तो लोकांसमोर ठेवणे हे आपले काम आहे.