कासवाचे कवच फुटते तेव्हा

मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये काचेच्या टाकीत पोहणारे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवट कासव आता नवलाचे राहिलेले नाही. 'रेड-इअर्ड स्लायडर' या नावाने ओळखली जाणारी ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. दुकानातून आणताना ते पिल्लू तळहाताच्या खळग्यात मावते. पण नीट सांभाळल्यास ते वीत-दीड वीत लांबीचे होते आणि २०-३० वर्षे जगते. टाकी अपुरी पडू लागली, की त्याला गॅलरीत मोकळे सोडले जाते आणि अपघात बहुधा तिथेच होतात. कठड्याच्या फटीतून ते खाली पडते, सरकत्या दारात सापडते किंवा घरातलाच कुत्रा त्याला हाड समजून चावतो. कवचाला तडा गेलेला दिसला, की घरातील कोणीतरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी शोधू लागते. कासवाचे खरे नुकसान पुष्कळदा या गोंदानेच होते.

याचे कारण कवचाच्या रचनेत आहे. कवच म्हणजे कासवाने पाठीवर घेतलेली पेटी नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा यांसह सुमारे ५० ते ६० हाडे एकमेकांना जोडली जाऊन ते तयार होते. त्यावर नखांसारख्याच द्रव्याच्या पातळ चकत्यांचे आवरण असते. हाडात रक्तवाहिन्या असतात, चेतातंतू असतात. म्हणजे कवच फुटणे हे हाड मोडून जखम उघडी पडणेच होय आणि त्याच्या वेदना कासवाला होतात. ते ओरडत नाही, एवढाच फरक. शिवाय फुप्फुसे पाठीकडच्या कवचाला अगदी लागून असतात. पाठीवरचा तडा खोल असेल, तर श्वासाबरोबर भेगेतून बुडबुडे येताना दिसतात. अशा भेगेवर गोंद ओतला, तर तो आत उतरतो, हाडांच्या कडांमध्ये बसून त्यांना सांधू देत नाही आणि जंतूंना आत कोंडून ठेवतो.

अपघातानंतरच्या पहिल्या तासात करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. सर्वांत महत्त्वाची ही, की पाण्यातल्या कासवालाही पाण्यात ठेवू नये. तड्यातून टाकीतले मळके पाणी शरीराच्या पोकळीत जाते आणि अशक्त झालेले कासव चक्क बुडून मरू शकते. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी काही मिनिटे दाबून धरावी. घाण लागली असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने ती हलकेच धुऊन काढावी. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे झाल्यास पाण्यात इतके पातळ करावे, की रंग फिक्या चहासारखा दिसेल. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतील निरोगी पेशीही जाळते. हळदीचा लेप आपल्याकडे अगदी हातासरशी लावला जातो. परंतु पशुवैद्याला तो आधी खरवडून काढावा लागतो आणि तेवढा वेळ वाया जातो. निखळलेला तुकडा मिळाला तर टाकून न देता ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बरोबर न्यावा. कासवाला उताणे करू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ टॉवेलवर, सरळ ठेवून न्यावे. खोके झाकलेले हवे, कारण उघड्या जखमेवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या वळवळू लागतात.

येथे एका औषधाबद्दल स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणि जखमेतील अळ्यांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन अनेक घरांत असते. कासवांच्या बाबतीत ते विष ठरते. त्याने अंग लुळे पडून कासव दगावते. जखमेतील अळ्या चिमट्याने वेचून आणि सलाइनच्या धारेने धुऊनच काढाव्या लागतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

प्रत्येक पशुवैद्य सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करत नाही, म्हणून आधी फोन करून विचारलेले बरे. मुंबईत परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जिथे सोय नाही, तिथल्या डॉक्टरांना अशा ठिकाणच्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. तपासणीत क्ष-किरण चित्रे वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दिशांनी काढतात. तडा पाठीच्या मधोमध असेल, तर मज्जारज्जूला इजा झाली आहे का, हे मागच्या पायांच्या हालचालीवरून पाहिले जाते. त्यावर पुढची आशा बरीचशी अवलंबून असते. भूल देणे हेही नाजूक काम आहे. कासव बराच वेळ श्वास रोखून धरू शकते, त्यामुळे नुसत्या वायूने त्याला गुंगी येत नाही. इंजेक्शन देऊन मग श्वासनलिकेत नळी घालावी लागते. निपचित पडलेले कासव मेले, असे ठरवण्याचीही घाई करू नये. त्याचे हृदय अतिशय संथ चालते आणि ते ओळखायला डॉप्लर यंत्र लागते.

पूर्वी फुटक्या कवचावर फायबर ग्लास आणि इपॉक्सीचे ठिगळ लावण्याची पद्धत होती. वरून ते भक्कम दिसे, पण खाली पू साठत राही आणि वाढत्या वयाच्या कासवाचे कवच ठिगळाभोवती वेडेवाकडे होई. आता हाडांच्या कडा जुळवून स्क्रू आणि तारांनी, धातूच्या पट्ट्यांनी किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या हुकांनी आवळून धरतात. भेग मात्र धुता येईल अशी मोकळी ठेवतात. अपघात होऊन बरेच तास उलटले असतील, तर आधी काही दिवस जखम धुऊन पट्ट्या बदलतात आणि मगच कडा जुळवतात. या कामात कल्पकतेला भरपूर वाव दिसतो. २०१८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात पोटाकडचे कवच फुटलेले एक रानकासव सापडले, तेव्हा मेरीलँड प्राणिसंग्रहालयाच्या पशुवैद्यांनी हाडे पट्ट्या-तारांनी जोडली आणि पोट जमिनीला घासू नये म्हणून लेगोच्या तुकड्यांची चाके असलेली गाडी त्याला लावली. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील एका संस्थेने याच कामासाठी लोकांकडून जुन्या ब्रेसियरचे हूक मागवले होते.

शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत आटोपते. शुश्रूषा महिनोन्‌महिने चालते. कासवाचे शरीर संथ असल्याने औषधेही संथपणे उतरतात. सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक त्याला सर्वसाधारणपणे ७२ तासांतून एकदाच दिले जाते, म्हणून 'डॉक्टर रोज का बोलावत नाहीत' अशी शंका धरू नये. जंतुसंसर्ग झाला, तर कासवाचा पू माणसासारखा वाहत नाही. तो घट्ट, पनीरसारखा असतो आणि शस्त्रानेच काढावा लागतो. जखमेभोवती सूज किंवा दुर्गंधी जाणवल्यास थांबू नये.

घरी कासवाला कोरड्या, स्वच्छ टबात टॉवेलवर ठेवतात. खाली वर्तमानपत्र चालेल. माती वा वाळू नको. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून थोडा वेळ उथळ, कोमट पाण्यात सोडायचे. पाणी जखमेपर्यंत पोहोचता कामा नये. हे केवळ अंघोळीसाठी नव्हे. पाण्यातले कासव पाण्याबाहेर घास नीट गिळू शकत नाही, त्यामुळे पाणी पिणे, खाणे आणि शौच या तिन्ही गोष्टी याच वेळात उरकतात. ऊब २७ ते ३० अंश सेल्सियस राहावी; थंडीत जखम भरण्याचे काम जवळजवळ थांबते. मुंबईत एरवी त्याची अडचण नसते, पण वातानुकूलित खोली टाळावी. पुणे-नाशिकच्या हिवाळी रात्री मात्र दिव्याची ऊब द्यावीच लागते. हाड भरण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यासाठी अतिनील किरण. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते बहुतांशी नसतात. कोवळे ऊन थेट मिळावे, शेजारी सावलीही असावी आणि तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसावे, कारण कावळे व मांजरे टपलेली असतात.

नुसत्या सुक्या कोळंबीवर पोसलेल्या कासवाचे हाड मुळातच कमकुवत असते. लहान अख्खे मासे, किसलेले गाजर, लाल भोपळा, पाणवनस्पती असा आहार बरा. पालक फार नको, तो कॅल्शियम अडवतो. आठवडाभर त्याने काही खाल्ले नाही, म्हणून हवालदिल होण्याचे कारण नाही, पण स्वयंपाकघरातील काट्यासारख्या वेगळ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. वजन घटतच राहिले, तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवतात आणि तिच्यातून पातळ अन्न देतात. काटा वेगळा आणि टब मोरीतच धुवायचा, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना पट्टी बदलू देऊ नये.

काही घरांत मात्र पिवळ्या चांदण्यांचे तारांकित कासव किंवा विहिरीतून आणलेले देशी कासव असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे. कारवाईच्या भीतीने अशा जखमी प्राण्याला दवाखान्यात नेलेच जात नाही आणि तो कोपऱ्यात कुजत राहतो. वनविभागाच्या १९२६ या मदतवाहिनीला कळवून त्याला ताब्यात देणे, हाच तिथे उपचाराचा पहिला टप्पा. परदेशी स्लायडरचा प्रश्न उलटा आहे: सेवा झेपेना म्हणून त्याला तलावात सोडले, तर जखमी कासव तिथे मरते आणि तगलेच तर देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

हूक किंवा तारा काढण्याआधी पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात. त्याला काही महिने लागतात. मोठी जखम पुरती भरायला वर्षाहून अधिक काळही जातो. त्यानंतर टाकीत आधी हातभर नव्हे, तर चार बोटे पाणी भरावे, कासव मान सहज वर काढते ना ते पाहावे आणि मग पातळी वाढवत न्यावी. जुन्या भेगेच्या जागी नवे आवरण फिकट आणि खडबडीत येते. ते तसेच राहते. कासवाला त्याचा त्रास नसतो.