लव्हाळा

(सं. मुस्ता, हिं. मोथा, म. लव्हाळा, मोथा, नागरमोथा; शास्त्रीय नाव : सायपेरस रोटुंडस; कुल : सायपेरेसी). गवतासारखी दिसणारी बहुवर्षायू वनस्पती. याच कुलातील केरेक्स प्रजातीच्या अनेक जाती हिमालयातील उंच कुरणांत वाढतात; लव्हाळा मात्र उष्ण प्रदेशातला, शेतात ठाण मांडणारा आहे. लिनीयस यांनी १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

ओळख : गवताची काडी बहुधा गोल, पोकळ व पेरेदार असते. लव्हाळ्याचा दांडा भरीव, बिनपेराचा व तिधारी असतो. चिमटीत फिरवला की त्याच्या तीन कडा बोटांना लागतात. पाने गडद हिरवी, तीन रांगांत येणारी, तुरा तांबूस-तपकिरी.

वाढ : बियांपासून प्रसार फारच थोडा होतो, खरा विस्तार जमिनीखालच्या गाठींतून होतो. बारीक खोडांनी जोडलेल्या या गाठींची माळ तयार होते. माळ अखंड असताना टोकाची गाठ मागच्या गाठींना दबवून ठेवते. औताने माळ तुटली की सुप्त गाठीही फुटतात आणि एका रोपाच्या जागी अनेक उभी राहतात.

परभणी जिल्हा : गोदावरी, पूर्णा व दुधना खोऱ्यांतील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, ऊस या पिकांत लव्हाळा आढळतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील बागायतीत त्याला बारमाही ओल मिळते.  

उपयोग : गाठी सुगंधी असून त्यांतून तेल काढतात. आयुर्वेदात ज्वर, अतिसार व अपचनावर मुस्ता वापरतात. षडंगोदक या औषधी पाण्यातील सहा द्रव्यांपैकी ती एक आहे. दिवाळीच्या उटण्यातही नागरमोथ्याची पूड घालतात.

नियंत्रण : खुरपणी-कोळपणीने वरची पाती जातात, गाठी शाबूत राहतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या उघड्या पाडल्यास कडक उन्हात वाळून मरतात. वर आलेल्या गाठी वेचून बांधाबाहेर नष्ट कराव्यात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे लवकर दाटणारे पीक त्याला दडपते. उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे निवडक तणनाशक वापरतात. मात्र एका हंगामात शेत स्वच्छ होत नाही. नवी पाती वेळोवेळी काढत राहिल्यासच गाठींतील अन्नसाठा संपतो.