कुटुंबाधारित उपचारपद्धती (आहारविकार)

कुटुंबाधारित उपचारपद्धती ही प्रामुख्याने ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आहारविकाराने ग्रस्त असलेल्या किशोरवयीन रुग्णांसाठी वापरली जाणारी मानसोपचार पद्धती आहे. लंडनमधील मॉडस्ले रुग्णालयात तिचा उगम झाल्यामुळे ती 'मॉडस्ले पद्धती' या नावानेही ओळखली जाते. रुग्णाला पुरेसा आहार देण्याची जबाबदारी सुरुवातीच्या काळात पालकांवर सोपवणे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये या विकाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. रुग्णाला नातेवाइकांपासून दूर ठेवावे, असे गल यांचे आणि फ्रान्समधील ज्याँ-मार्तँ शार्को यांचे मत होते. विसाव्या शतकातही अनेक उपचारतज्ज्ञ विकाराचे मूळ कुटुंबातील, विशेषतः आई व मुलीच्या नात्यातील दोषांत शोधत असत. त्यामुळे पालकांच्या वाट्याला मदतीऐवजी बहुधा दोषच येई.

इतिहास

मॉडस्ले रुग्णालयात गेराल्ड रसेल, जॉर्ज श्मुकलर, ख्रिस्तोफर डेअर आणि आयव्हन आयस्लर यांनी केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयातून घरी सोडलेल्या ८० रुग्णांचा समावेश होता. ज्यांचा विकार अठरा वर्षांच्या आत सुरू झाला होता व तीन वर्षांहून कमी काळ टिकलेला होता, अशा ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना वैयक्तिक उपचारापेक्षा कौटुंबिक उपचाराचा अधिक लाभ झाल्याचे दिसून आले. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी सहकाऱ्यांसह या पद्धतीची उपचारपुस्तिका २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर ठिकाणच्या तज्ज्ञांना तिचे पद्धतशीर प्रशिक्षण घेणे शक्य झाले.

तत्त्वे व टप्पे

ही पद्धती विकाराच्या कारणांचा शोध घेत बसत नाही. पालकांना अथवा रुग्णाला दोषी मानत नाही. विकार आणि मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे कुटुंबाला समजावले जाते. उपचार साधारणतः सहा ते बारा महिने चालतो. त्याचे तीन टप्पे असतात :

१. पालक सर्व जेवणांचे नियोजन व देखरेख करतात. वजन पूर्ववत होण्यावर भर असतो.
२. खाण्यासंबंधीचे निर्णय टप्प्याटप्प्याने मुलाकडे परत सोपवले जातात.
३. स्वावलंबन, मैत्री, शिक्षण इत्यादी किशोरवयातील प्रश्नांकडे लक्ष दिले जाते.

दीर्घ उपासमारीनंतर आहार अचानक वाढवल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून जिवाला धोका उद्भवू शकतो. म्हणून उपचाराच्या काळात वैद्यकीय देखरेख आवश्यक असते.

परिणामकारकता व मर्यादा

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२१ किशोरवयीन रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत उपचार संपल्यानंतर एका वर्षाने या पद्धतीच्या गटातील ४९ टक्के, तर वैयक्तिक उपचार घेतलेल्या गटातील २३ टक्के रुग्ण पूर्णतः बरे झाल्याचे आढळले. म्हणजेच सुमारे निम्म्या रुग्णांना ही पद्धती पुरेशी ठरली नाही. पालकांचा वेळ व मानसिक बळ यांवर तिचा मोठा भार पडतो. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, तेथे पालक व मूल यांना स्वतंत्रपणे भेटणे अधिक उपयुक्त ठरते. प्रौढ रुग्णांबाबतचा पुरावा मर्यादित आहे.

पालकांची चळवळ व व्यावसायिक संस्था

मुलीच्या आजारपणाचा अनुभव घेतलेल्या अमेरिकी लेखिका लॉरा कॉलिन्स यांनी २००८ मध्ये 'फीस्ट' ही पालकांची संस्था स्थापन केली. पालकांना माहिती व परस्पर आधार देणे हे तिचे कार्य आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स' या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१० मधील आपल्या भूमिकापत्रात, कौटुंबिक घटक हे आहारविकारांचे एकमेव अथवा प्रमुख कारण असल्याचे मत अमान्य केले. शक्य असेल तेथे तरुण रुग्णांच्या उपचारात कुटुंबाला सहभागी करून घ्यावे, अशी शिफारसही तिने केली. ब्रिटनमधील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही मुले व तरुणांमधील ॲनोरेक्सियासाठी कौटुंबिक उपचाराला प्राधान्य दिले आहे.