इतरांच्या वर्तनाविषयी स्टोइक दृष्टिकोन

इतरांच्या उद्धट, कृतघ्न किंवा त्रासदायक वर्तनाकडे कसे पाहावे व त्याला कसे सामोरे जावे, याविषयी प्राचीन ग्रीस व रोममधील स्टोइक तत्त्वज्ञांनी केलेला विचार हा त्यांच्या नीतिशास्त्राचा एक महत्त्वाचा भाग आहे. दुसऱ्याचे वर्तन आपल्या अधीन नसते. त्याविषयी आपण बनविलेले मत व आपली कृती मात्र आपल्या अधीन असते, हे या विचाराचे मुख्य सूत्र होय. येथे स्वीकार म्हणजे संमती किंवा निष्क्रियता नव्हे.

पार्श्वभूमी

स्टोइक संप्रदायाची स्थापना सिटियमच्या झीनोने इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्स येथे केली. 'स्टोआ पोइकिले' या चित्रांनी सजविलेल्या स्तंभयुक्त ओसरीत तो शिकवीत असे. त्यावरून संप्रदायाला हे नाव मिळाले. आरंभीच्या स्टोइकांचे बहुतेक लेखन नष्ट झाले आहे. त्यामुळे प्रस्तुत विषयाची माहिती प्रामुख्याने रोमन काळातील तिघांकडून मिळते : राजदरबारात वावरलेला सेनेका, गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस.

तात्त्विक आधार

या विचाराला तीन आधार आहेत. पहिला, सद्गुण हेच एकमेव खरे श्रेय आहे. अपमान करणारा आपली प्रतिष्ठा किंवा संपत्ती हिरावू शकेल, परंतु आपले चारित्र्य बिघडविणे त्याला शक्य नाही. दुसरा, सॉक्रेटिसकडून आलेला : मनुष्य चुकतो तो हिताहिताच्या अज्ञानामुळे, म्हणून तो द्वेषापेक्षा करुणेला व शिकवणुकीला पात्र ठरतो. तिसरा, सर्व माणसे विवेकाची वाटेकरी असून एकाच विश्वनगरीची नागरिक आहेत.

सेनेका

सेनेकाने आपला भाऊ नोव्हाटस याला उद्देशून क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. माफक क्रोध उपयुक्त असतो, हे ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचे मत त्याने खोडून काढले. शिक्षा आवश्यक असली तरी ती सुधारणेसाठी व शांत चित्ताने द्यावी, असे तो म्हणतो. क्रोधावर कालहरण हा त्याच्या मते सर्वोत्तम उपाय होय. दररोज रात्री स्वतःच्या दिवसभराच्या वागण्याची तपासणी करण्याचा आपला नेमही त्याने नोंदविला आहे. स्वतःचे दोष दिसू लागले की इतरांच्या दोषांविषयीची कठोरता कमी होते.

एपिक्टेटस

एपिक्टेटसची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने लिहून ठेवली. सार्वजनिक स्नानगृहात जाण्यापूर्वी तेथे पाणी उडविणारे, धक्के देणारे व शिवीगाळ करणारे लोक भेटणारच, हे आधी मनात आणावे, असे तो सांगतो. त्यामुळे प्रसंग आला असता मनाचा तोल जात नाही. प्रत्येक गोष्टीला धरण्याच्या दोन जागा असतात, एकीने ती उचलता येते, दुसरीने नाही, असे एक रूपक त्याने वापरले आहे. भाऊ अन्यायाने वागला, तर 'त्याने अन्याय केला' या बाजूने प्रसंग न धरता 'तो माझा भाऊ आहे' या बाजूने धरावा. नाते चांगल्या पित्याशी नव्हे, तर पित्याशी जुळलेले असते. म्हणून त्याच्या दोषांमुळे आपले कर्तव्य संपत नाही.

मार्कस ऑरेलियस

मार्कसने (कारकीर्द इ. स. १६१–१८०) स्वतःसाठी ग्रीक भाषेत लिहिलेली टिपणे बारा भागांत उपलब्ध आहेत. दुसऱ्या भागाच्या आरंभी तो आज भेटणाऱ्या लुडबुड्या, कृतघ्न व मत्सरी माणसांची सकाळीच आठवण करून घेतो आणि तीही आपल्याच जातकुळीची आहेत, असे स्वतःला बजावतो. हातपाय, पापण्या किंवा दातांच्या दोन ओळी यांप्रमाणे माणसे परस्परसाहाय्यासाठी जन्मली आहेत, अशी त्याची धारणा होती. इ. स. १७५ मध्ये त्याचा सेनानी एव्हिडियस कॅसियस याने बंड केले व तो स्वकीयांकडूनच मारला गेला. इतिहासकार कॅसियस डिओ याच्या वृत्तांतानुसार मार्कसने त्याचे छिन्न मस्तक पाहण्याचे नाकारून ते पुरण्याची आज्ञा दिली.

स्वीकाराची मर्यादा

हा विचार अन्याय मुकाट्याने सोसण्यास शिकवितो, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आधारही आहे : सेनेकाने गुलामांना माणुसकीने वागविण्याचा आग्रह धरला, तरी गुलामगिरीची प्रथा मोडण्याची मागणी केली नाही. मात्र एपिक्टेटसने आदर्श म्हणून दिलेले हेल्व्हिडियस प्रिस्कसचे उदाहरण वेगळे आहे. सम्राट व्हेस्पेझियनने सिनेटमध्ये येऊ नकोस, आलास तर बोलू नकोस, असे बजावले असता, सदस्य असेपर्यंत उपस्थित राहणे व विचारल्यास योग्य वाटेल ते बोलणे हे आपले कर्तव्य असल्याचे त्याने सांगितले. सम्राट काय करील हे त्याने सम्राटावर सोपविले. स्वतः काय करावयाचे, ते सोडले नाही. सम्राटाच्या वर्तनाचा स्वीकार व अन्यायाला विरोध येथे एकत्र नांदतात.

आधुनिक प्रभाव

विसाव्या शतकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर एपिक्टेटसचा प्रभाव आहे. घटनेपेक्षा तिच्याविषयीचे मत मनाला अस्वस्थ करते, हे तत्त्व त्यांनी त्याच्याकडून घेतले. अमेरिकन नौदलातील वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनी व्हिएतनाममधील बंदिवासात (१९६५–१९७३) छळ सोसताना एपिक्टेटसच्या शिकवणुकीचा आधार घेतल्याचे पुढे लिहिले. या काळात ते सहबंद्यांच्या प्रतिकाराचे नेतृत्वही करीत होते.