महानगर काय देते, काय घेते?

महानगरात राहावे की आपल्या गावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक घरांत केव्हा ना केव्हा चर्चेला येतोच. मुलाला मुंबईत नोकरी लागते, मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि आनंदापाठोपाठ 'राहायचे कुठे?' ही चिंता दारात उभी ठाकते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. एवढी माणसे गैरसोयी सोसून येथे का राहतात आणि त्याचे मोल कसे मोजतात, याचा हा ताळेबंद.

रोजगाराची आशा

जमेच्या बाजूची पहिली नोंद अर्थातच रोजगाराची. १८५६ मध्ये ताडदेव येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि कोकणातून व घाटावरून माणसांचा ओघ मुंबईकडे वळला. एक धंदा बसला तरी दुसरे काही हाती लागते, हा महानगराचा मोठा आधार. मात्र हाती लागणारे काम पूर्वीइतके सुरक्षित असेलच असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर अनेक गिरण्यांची धुराडी थंडावली आणि कायम नोकरी असलेल्या कित्येकांना पहारेकऱ्याचे काम किंवा फेरीचा धंदा पत्करावा लागला. शहराने त्यांना उपाशी ठेवले नाही. पण निवृत्तीची हमी काढून घेतली.

ओळखीपलीकडचे जगणे

गावात माणसाची जात, घराणे आणि मागची पिढी त्याच्या आधी पोहोचते. महानगराची गर्दी हे ओझे काही प्रमाणात हलके करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शालेय शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये झाले आणि परळच्या चाळीत त्यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. अर्थात भेदभाव शहरातही संपला नाही. आजही घर भाड्याने देताना आडनाव आणि आहार विचारला जातोच. स्त्रियांच्या बाबतीत हा लाभ अधिक ठळक आहे. रात्री उशिरा कामावरून एकट्याने परतणारी स्त्री येथे फारसा चर्चेचा विषय होत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली मार्गावर केवळ महिलांसाठी उपनगरी गाडी सुरू झाली, ती नोकरदार स्त्रियांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी राहिली नव्हती म्हणूनच.

शिक्षण आणि उपचार

१८५७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, १९२६ पासून सेवेत असलेले केईएम रुग्णालय, १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय अशा संस्था शहरवासीयांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांचे मोल परगावच्या माणसाला विचारावे. परळच्या पदपथावर औषधांची पिशवी उशाशी घेऊन झोपलेली कुटुंबे पाहिली, की हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

छप्पर आणि अंतर

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम घराची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत पिढ्यान्‌पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या. पुनर्विकासानंतर वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. हे भाग्य थोड्यांचेच. गिरणगावातील कामगार भोंगा ऐकून पायी कामावर जात असे. त्याची पुढची पिढी विरार, बदलापूरहून गाडी पकडते.

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर ३०० दिवसांच्या नोकरीत वर्षाकाठी ९०० तास होतात. अहोरात्र मोजल्यास सदतीस दिवसांहून अधिक. गर्दीच्या वेळी गाडीत दर चौरस मीटरला १४ ते १६ प्रवासी उभे असतात. ही गर्दी जिवावरही बेतते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या स्थानकाचे नाव पुढे प्रभादेवी झाले. मेट्रोच्या मार्गांनी अलीकडे काही भार उचलला असला, तरी दूरच्या उपनगरांची मदार अद्याप लोकलवरच आहे.

पाण्याचे देणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नद्या, खाड्या व मिठागरे बुजविण्याचा हिशेब शहरापुढे मांडला गेला. दुसरा हिशेब मात्र मुंबईकराच्या फारसा नजरेस येत नाही. शहराला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. उरलेले पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. महानगराच्या सुखाची किंमत काही वेळा महानगराबाहेरचा माणूस चुकवत असतो.

निर्णय घेताना

शिकण्याच्या आणि उमेदीने कमावण्याच्या वयात महानगर देते अधिक. म्हाताऱ्या माणसांकडून आणि लहान मुलांकडून ते मोकळी जागा, शांतता व घरच्यांचा सहवास काढून घेते. म्हणून येथे येऊ पाहणाऱ्याने केवळ पगाराचा आकडा पाहू नये. त्यातून भाडे वजा करावे, प्रवासाचे तास वजा करावेत आणि आजारपणात धावून येणारे शेजारी कोण असतील, हेही विचारात घ्यावे. घर आणि काम यांतील अंतर जेवढे कमी, तेवढे महानगर सुसह्य. हे अंतर कमी करणे एकट्यादुकट्या माणसाच्या हातात नाही. परवडणारी घरे कामाच्या जवळ उभी राहिली, तरच शहराच्या जमेची बाजू सामान्य माणसाच्या पदरात पडेल.